झाकलेलं कलम

मे महिन्यातल्या एका मंगळवारी माझी बायको गेली. त्यानंतर रोज सकाळी साडेसातला आमच्या दाराची कडी वाजवणारा माणूस एकच, तिचा थोरला भाऊ. साऱ्या रत्नागिरीला धीर धरायला शिकवणारा आणि स्वतः पाच मिनिटं धीर न धरणारा असा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही. तिच्यासारखं मीही त्यांना दादाच म्हणतो. दादांनी चाळीस वर्षं आंब्याची कलमं बांधली. मुळं धरलेल्या रोपाच्या खुंटावर हव्या त्या आंब्याची काडी बसवून पट्टी गुंडाळली, की ती सोडून बघणाऱ्याची त्यांच्या नर्सरीत खैर नसे. एका गिऱ्हाइकानं सहज पट्टीचं टोक उचललं, तर "बाळंतिणीच्या खोलीत असेच डोकावता का हो?" म्हणत दादांनी त्याला फाटकाबाहेर घालवलं. हेच दादा एसटी यायला जरा उशीर झाला की पायी निघत, आणि दोन थांब्यांच्या मध्ये गाडी त्यांच्यावर धूळ उडवून पुढे जाई.

खालची दाढ पडल्यापासून ते पोळीसुद्धा दुधात बुडवून खात. हिनं शेवटच्या उन्हाळ्यात आंब्याचा रस ताटांत पसरून त्याची साठं वाळवली, तेव्हा दादांच्या वाटचं एक डब्यात ठेवून बजावलं होतं, "दादा, आधी दात बसव, मग हे मिळेल. भिजवून खायचं नाही." तेरावं झालं आणि दादा मुकाट्यानं दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. जबड्यात स्क्रू बसला. पुढचं त्यांनी मला इतक्यांदा सांगितलंय की पाठ आहे. हिरडी दोन-तीन आठवड्यांत भरते, पण हाड स्क्रूला हळूहळू धरतं. तीन-चार महिने त्यावर भार नको, असं बाई म्हणाल्या. "म्हणजे कलमच की! हाड हा खुंट," दादा हरखले. हाडाला हा धातू परका वाटत नाही, हे ऐकून तर माझ्याकडे बघत म्हणाले, "आमच्या घरात रुळायला तुम्हाला किती वर्षं लागली, भावोजी?"

मग रोज चहाआधी बॅटरी माझ्या हाती देऊन ते आ करत. "सूज उतरली? रंग कसा आहे?" मी कुणाच्या तोंडाकडे बघत नव्हतो त्या दिवसांत रोज दादांची हिरडी बघत होतो. लालसर होती, ती गुलाबी झाली; स्क्रूवरच्या टोपणाभोवती घट्ट बसली.

गणपती झाल्यावर एका सकाळी ते आले ते रुमालाची पुरचुंडी धरून. चेहरा पांढरा. "उपटलं, भावोजी. धरलंय का म्हणून जरा फिरवून बघितलं. आता ते साठ तुम्हीच खा." मी सदरा चढवला आणि त्यांना रिक्षात घातलं. किती आठवड्यांनी मी उंबऱ्याबाहेर पडत होतो, हे परतताना लक्षात आलं.

बाईंनी आत पाहिलं, फोटो काढला. "काका, हे नुसतं वरचं टोपण. स्क्रू हललेला नाही, हाडानं धरलाय छान. तुमच्याकडे कुणी पट्टी सोडून बघितली तर काय करता?"

"हाकलतो," दादा पुटपुटले.

दसऱ्याच्या आधी दाढ बसली. दादांनी डबा उघडला, साठाचे दोन तुकडे केले आणि मोठा माझ्यापुढे धरला. नव्या दाढेच्या बाजूनं त्यांनी सावकाश, फार सावकाश चावलं. "साखर जरा कमीच घालायची ती," म्हणाले, आणि डब्याच्या तळाशी चिकटलेला कण बोटानं टिपून घेतला.

तिच्या हातचं साठ आता संपलं आहे. दाढ पक्की आहे. सकाळी साडेसातला कडी वाजते, आणि मी चहाचं आधण दोघांचं ठेवतो.