सातव्या धड्यातली कडी

माझी आत्या शाळेच्या पुस्तकात आहे. सातवा धडा. ते पुस्तक ज्यांनी अभ्यासलं त्यांना ती पाठ असते, आणि बरेचजण ती कधीच वारली असं धरून चालतात, कारण धड्यातली माणसं बहुधा वारलेलीच असतात. आत्या मात्र आमच्या पुढच्या खोलीत खिडकीखाली मशीनवर बसून गणवेशांच्या कॉलरी शिवत असायची आणि दोरा तुटला की मशीनच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची.

धडा लिहिला बाबांनी. ते पाणीपुरवठ्याच्या कचेरीत कारकून. चोविसाव्या वर्षी त्यांनी एक गोष्ट लिहिली, ती मासिकात छापून आली आणि तिथून कुणीतरी उचलून पुस्तकात घातली. त्यानंतर त्यांनी पुष्कळ लिहिलं, पण छापून काही आलं नाही. गोष्ट घरातलीच. आई-वडील पाठोपाठ गेलेले, मागे एकोणीस वर्षांची बहीण आणि नऊ वर्षांचा भाऊ. बहिणीला दुसऱ्या गावी शिवणशाळेत प्रवेश मिळालाय, बॅग भरलीय, मैत्रीण रस्त्यावर थांबलीय. भाऊ पायरीवर बसून नुसता बघतो. ती बॅग पलंगाखाली सरकवते, रात्र पडल्यावर भावाला आत घेते आणि मग ते शेवटचं वाक्य येतं: ‘तिने स्वतःच्या हाताने आतून कडी लावली.’ या वाक्यावर परीक्षेत हमखास प्रश्न असतो. कडी कशाचं प्रतीक आहे? त्याग लिहिलं की पूर्ण गुण, कर्तव्य लिहिलं की एक कमी.

कडी खरीच आहे. आमच्या पुढच्या दाराला आजही तीच. दार फुगलंय, चौकट खचलीय, आणि आतून लावलेली कडी निम्म्या वेळा अडकते. ती उघडायचं कसब फक्त आत्याकडे होतं. डाव्या खांद्याने दार उचलायचं, श्वास रोखायचा आणि कडी स्वतःकडे ओढायची. बाकी कुणी हात लावला की नुसता खडखडाट. मग घरात कुठूनही हाक यायची, ‘ताई, बघ गं जरा’, आणि आत्या सुई कॉलरीत टोचून ठेवून उठायची. सुतार दोनदा येऊन गेला. नवी कडी बसवून देतो म्हणाला. बाबांनी दोन्ही वेळा त्याला चहा पाजून परत पाठवलं. ‘मुलं मग बघायला काय येणार?’ म्हणाले.

कारण मुलं यायची. दर वर्षी कुठली ना कुठली शाळा आपली फौज घेऊन दारात हजर. आत्याला खुर्चीत बसवायचं, शेजारच्या खुर्चीत बाबा. कडीचे फोटो निघायचे. ‘तुम्हाला कधी जावंसं वाटलं नाही का?’ असं एक तरी पोर विचारायचंच, आणि आत्या ठरलेलं उत्तर द्यायची, ‘नाही गं बाळा, कुठे जाणार? आपलीच तर माणसं.’ कुठे अडखळली तर पुढचं बाबा पूर्ण करायचे. सरबत मीच वाटायचे. लहानपणी मला याचा केवढा तोरा होता. माझी आत्या धड्यात आहे म्हणून मला वर्गात खिडकीजवळची जागा मिळालेली.

मी अकरावीत गेले त्या वर्षी आत्याची तीच मैत्रीण, रस्त्यावर थांबलेली, पुन्हा उगवली. कापड कापण्यात तिचा हात धरणारं कुणी नाही असं आत्या सांगायची, म्हणून आम्ही तिला कटिंगवाली म्हणायचो. दूरच्या गावात तिचं गणवेशाचं दुकान होतं, नुकतीच वर एक खोली बांधली होती. तिचा फोन आला. ‘डोळे साथ देईनात आता. कापायचं मी बघते, शिवायचं तू बघ. खोली तुझी. पण पुढच्या वर्षीच्या शाळा सुरू व्हायच्या आत ये, नाहीतर मला दुसरी बाई बघावी लागेल.’ आत्याने फोन ठेवला आणि हातातली कॉलर पुरी केली. जेवताना तिने विषय काढला.

बाबांनी घास तसाच ताटात ठेवला. ‘या वयात? लोक काय म्हणतील? सगळ्या मुलांना शिकवलंय की तू राहिलीस.’

‘अरे, पण तू आता नऊ वर्षांचा आहेस का?’ आत्या म्हणाली.

‘वन्सं, जेवून घ्या आधी,’ आई म्हणाली. आईचं हे नेहमीचंच. आग लागली तरी ती आधी जेवून घ्यायला सांगेल.

विषय तिथेच मिटला. म्हणजे बाबांनी मिटवला आणि आत्याने मिटू दिला. मला भयंकर चीड आली, पण बोलायला मी कोण? दुसऱ्या दिवशी ती पुन्हा कॉलरी शिवत होती, फक्त मशीनला शिव्या घालत नव्हती. सगळ्या घराला त्या शांततेचा त्रास झाला.

त्याच सुमारास भाषेच्या बाईंनी वर्गाला शोधनिबंध लिहायला सांगितला. शिकलेली एक गोष्ट निवडायची आणि तिचं विश्लेषण करायचं. बाईंचा नियम एकच होता: ‘तुमचं मत मला नको. मजकुरावर बोट ठेवून दाखवा.’ आणि सक्तीचा एक भाग, ‘मुख्य पात्राचे स्वतःचे शब्द’. पात्र काय बोलतं ते अवतरणात द्यायचं आणि त्यावर लिहायचं. बाईंनी माझ्याकडे बघून म्हटलं, ‘तुला काय, घरचंच कार्य आहे.’ सगळा वर्ग हसला. मलाही वाटलं, देव देतो तेव्हा छप्पर फाडून देतो. त्याग हा विषय घेतला, दोन दिवसांत निम्मा निबंध उरकला.

अडले ती स्वतःच्या शब्दांपाशी. धडा उघडला आणि आत्या काय बोलते ते शोधू लागले. भाऊ सुरुवातीला बोलतो. शेजारीण बोलते, मामा तर पानभर उपदेश करतो. रस्त्यावरची मैत्रीण हाक मारते. बहीण मान हलवते, डोळे टिपते, बॅगेकडे बघते. पुन्हा पहिल्यापासून वाचलं. अख्ख्या धड्यात आत्या एक शब्द बोलत नाही. इतकी वर्षं तो धडा मला तोंडपाठ होता आणि हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. जी बाई दोऱ्याशी भांडते, दूधवाल्याला पाणी कमी घाल म्हणून सुनावते, तिला बाबांनी मुकं करून ठेवलं होतं.

मी मशीनपाशी गेले. ‘आत्या, त्या दिवशी तू काय बोललीस?’

‘कधी?’

‘कडी लावलीस तेव्हा.’

‘कुत्र्याला हाड म्हटलं असेन. एक मेलं लुतभरं कुत्रं सारखं आत शिरायचं, म्हणून तर कडी लावली.’ तिने कॉलर उलटवली. ‘ते लिहू नकोस हं. तुझ्या बाबाचे गुण जातील.’

मी ते लिहिलं नाही, कारण ते मजकुरात नव्हतं. जे मजकुरात होतं तेच लिहिलं: बहीण राहते असं लेखक सांगतो, तिला राहायचं होतं की नाही हे तिला कुणी विचारत नाही, लेखकही नाही. म्हणून हा निर्णय तिचा होता याला धड्यात पुरावा नाही.

बाबांनी निबंध वाचायला मागितला. मुलगी आपल्यावर लिहितेय, माणूस फुलून गेला होता. उभ्याउभ्याच वाचू लागले आणि शेवटच्या पानावर खुर्चीत बसले.

‘शेवट बदल,’ म्हणाले.

‘चूक काय आहे त्यात?’

‘चूक-बरोबरचा प्रश्न नाही.’ त्यांनी पानं टेबलावर ठेवली, पुन्हा उचलली. ‘मी नऊ वर्षांचा होतो गं. ती गेली असती तर मी कुठे गेलो असतो? मी ते लिहिलं, म्हणून लोक तिला मानतात. नाहीतर कोण ओळखतं शिवणकाम करणाऱ्या बाईला?’ मला त्यांचा राग आला आणि दयाही आली, दोन्ही एकाच वेळी. चाळिशी ओलांडून किती वर्षं झाली, तरी हा माणूस अजून त्या पायरीवरच बसला होता. आणि तो बसलाय तोवर आत्याला उठायची सोय नव्हती.

खिडकीखालून आत्या म्हणाली, ‘बदल गं शेवट. कशाला वाद? माझं काय, मी कुठे जातेय.’

पुन्हा तेच चाललं होतं. बॅग पुन्हा पलंगाखाली जात होती, आणि या वेळी माझ्या गुणांसाठी.

‘नाही बदलणार,’ मी म्हटलं. ‘आणि आत्या, तू माझ्यासाठी काही करू नकोस. खरंच काही करू नकोस.’

आत्याने मशीन थांबवलं. असं तिला आयुष्यात कुणी सांगितलं नसावं. तिने माझ्याकडे पाहिलं, कुणीतरी हातातली जड पिशवी घेतल्यावर माणूस रिकाम्या हाताकडे बघतो तसं. मग उठून आत गेली. बाबा माझ्याशी चार दिवस बोलले नाहीत. निबंध मी तसाच दिला. बाईंनी वीसपैकी चौदा दिले आणि शेरा मारला, ‘निष्कर्ष धाडसी, लेखकाची बाजूही समजून घ्यावी.’ लेखकाने आणलेली भाजी मी रोज निवडत होते, बाजू कुठे समजायची राहिली होती.

पुढच्या रविवारी दर वर्षीसारखी एका शाळेची मुलं आली. खुर्च्या मांडल्या, कडीचे फोटो निघाले, बाबांनी नेहमीची प्रस्तावना केली. पुढे बसलेल्या चष्मेवाल्या मुलीने वही उघडून विचारलं, ‘तुम्हाला कधी जावंसं वाटलं नाही का?’

‘वाटलं की,’ आत्या म्हणाली. ‘पुष्कळदा वाटलं.’

बाबा हसून म्हणाले, ‘ताईला म्हणायचंय की—’

‘मला काय म्हणायचंय ते मी म्हणते. तू बस.’ आवाज अगदी साधा होता, दूधवाल्याशी बोलायचा. ‘मला जायचं होतं. हा लहान होता, म्हणून राहिले. त्याचं मला वाईट वाटत नाही. पण तो मोठा झाला, नोकरीला लागला, त्याचं लग्न झालं, आणि तरी मी राहिलेलीच. आता मंगळवारच्या गाडीने मी चाललेय.’

मुलगी गोंधळली. ‘पण धड्यात तर तुम्ही कडी लावलीत.’

‘लावली ना. सकाळी उघडली. दूध घ्यायचं होतं. धडा रात्रीच संपतो, त्याला मी काय करू?’

मुलं हसली आणि सगळ्यांनी ते लिहून घेतलं. त्यांच्या बाईंनी मात्र लिहिलं नाही. बाबा कडीकडे बघत राहिले.

मंगळवारी आईने डबा भरून दिला. बाबा आतल्या खोलीत पेपर धरून बसले होते. आत्या दारापर्यंत गेली, परत आली, त्यांच्या डोक्यावर हात ठेवला. ‘जेवत जा वेळेवर,’ म्हणाली. त्यांनी पेपर खाली केला नाही. मग तिने डाव्या खांद्याने दार उचललं, कडी ओढली आणि गेली. फोन येतो तिचा. तिथल्या मशीनचा दोराही सारखा तुटतो म्हणते.

धडा पुस्तकात तसाच आहे. पुढच्या वर्षी पुन्हा एक शाळा आली. मी कोपऱ्यावरून मुलांना घेऊन आले, दार आतून बंद होतं. मी हाक मारली. आत बाबांची पावलं आली, कडी खडखडली. ‘उघडतो, उघडतो,’ ते म्हणाले. पुन्हा खडखडली. मुलं वह्या काढून दाराकडे बघत होती. आतून धाप ऐकू येत होती, मग सगळं शांत झालं.

आणि मग आतून बाबांनी सवयीने हाक मारली, ‘ताई, बघ गं जरा.’

मी मुलांना तिथेच थांबायला सांगितलं आणि मागच्या दाराने आत गेले.