आब्लार म्हणजे बोलणं

देऊळघाटच्या घरी बसून मी ऑनलाइन स्पॅनिश शिकवतो. बाबांना अर्धांगवायूचा झटका आला, तेव्हाही वर्ग चालूच होते. हातपाय हळूहळू सुधारले, पण बोलणं गेलं. बुलढाण्याच्या वाचाउपचार करणाऱ्या बाईंनी चित्रांची कार्डं दिली होती. मी रोज एक समोर धरायचो. "बाबा, म्हणा, पाणी." बाबा तोंड फिरवायचे. एकदा तर त्यांनी सगळी कार्डं उडवून लावली. जन्मभर बाजारात ओरडून भाजी विकलेला माणूस. पोरानं 'पाणी' म्हणायला शिकवावं, हे त्यांना सोसत नव्हतं.

एका सकाळी वर्गात 'आब्लार' हे क्रियापद आलं. आब्लार म्हणजे बोलणं. एका विद्यार्थिनीनं विचारलं, "सर, हा शब्द आला कुठून?" मी सांगितलं, लॅटिनमध्ये बोलण्यासाठी 'लोकुई' होतं, पण स्पेनमधल्या लोकांच्या तोंडी ते टिकलं नाही. तिथे 'फाबुलारी' रुळलं. फाबुला म्हणजे गोष्ट, आणि फाबुलारी म्हणजे गप्पा मारणं, गोष्टी सांगणं. पुढे 'फ' झिजून 'ह' झाला. आता तोही नुसता लिहितात, उच्चारत नाहीत. हे सांगताना माझी नजर दारातून बाबांच्या खाटेवर गेली. झटका आल्यापासून त्यांच्याजवळ बसून कुणी गोष्ट म्हणून काढली नव्हती.

त्या दिवशी मी कार्डं काढली नाहीत. दुपारी बाबांचे जुने दोस्त भेटायला आले. त्यांना मी चाचा म्हणतो. मी त्यांच्याच लग्नाची गोष्ट काढली. वरात रोहिणखेडला निघालेली, गाडी हाकायला बाबा, समोरून ट्रक आला, बैल बुजले आणि नवरदेव नाल्यात.

बाबांचा चेहरा लाल झाला. ओठ हलले, अडकले, पुन्हा हलले.

"म्हैस," ते म्हणाले. "ट्रक नाही बे. म्हैस."

चाचांनी त्यांचा हात घट्ट धरला. "हाव ना, म्हैसच आडवी आली होती! सांग, सांग याले."

पुढचं बाबांना सांगता आलं नाही. दोघेही हसता हसता रडायला लागले. मी चहा ठेवायला आत गेलो.

बाबांचं बोलणं पूर्ण परत आलं नाही. ते एखादा शब्द टाकतात, चाचा त्यावरून गोष्ट रचतात, आणि चुकलं की बाबा चिडून अडवतात. बाईंना हे सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "छान, चालू ठेवा. पण कार्डंही सोडू नका."