रुमालावर थेंब नाही

पांढरा रुमाल बोटाला गुंडाळून मामा हिरडीवरून खसाखसा फिरवायचे आणि समोर धरायचे. "पाह्य बाई, हाये का रक्ताचा थेंब? माह्या हिरड्या बिडीनं पक्क्या केल्या."

मामा म्हणजे आमच्या बडनेऱ्याच्या गल्लीतले बँडवाले. वरातीत क्लॅरिनेट वाजवायचे, दोन गाण्यांच्या मधे बिडी. ज्याच्या खोकल्यावरून उजाडल्याचं कळतं असा एक माणूस तुमच्याही गल्लीत असेल. आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेली मी पहिली. माझा दंतवैद्यकाचा निकाल लागला त्या दिवशी मामा लुंगीवरच आमच्या दारात येऊन एकटे वाजवत उभे राहिले. बाबांना रडताना मी तेव्हाच पाहिलं.

मी दवाखाना टाकल्यावर ते "खुर्ची पाहाले" आले. हिरड्या फिक्या, वरून ठीक. पण हिरडीची खोली मोजायची बारीक सळई वरच्या पुढच्या दोन दातांपाशी टेकवली, तर ती आत जातच राहिली. क्लॅरिनेटचं टोक याच दोन दातांना टेकतं.

"मामा, बिडीनं हिरडीतल्या रक्तवाहिन्या आकसतात, म्हणून रक्त दिसत नाही. खाली जिथं हवा पोचत नाही तिथं जंतू वाढतात. त्यापायी दाताला धरून ठेवणारं हाड झिजतं."

"मंजे चोर घरात, अन् कुत्र्याले अफू चारली?"

"हो."

मामा हसले, पण थोडंच. हिरड्या खोलवर साफ करून घेतल्या, बिडीचं बंडल माझ्याच कचऱ्याच्या डब्यात टाकलं आणि गेले. मला इतका आनंद झाला की घरी जाऊन आधी आईला सांगितलं.

पुढच्या तारखेला ते आले नाहीत. निरोप धाडला, तर "सीझन सुरू हाये." लग्नसराई संपल्यावर उगवले, ते बिडीच्या वासासकट.

"तुया नादानं सोडली वं! पंधरा रोजात रुमाल लालभडक. बँडमधले म्हणे, बिडी सोडली म्हणून हिरडी सडली. परत चालू केली, तर रक्त बंद. आता बोल!"

बिडी सुटली की आकसलेल्या वाहिन्या मोकळ्या होतात आणि दबलेलं रक्त दिसू लागतं. ती बरं होण्याची सुरुवात असते. हे मी परीक्षेत लिहिलं होतं. मामांना सांगायचं राहिलं होतं.

आता सांगितलं.

"मंग तवाच काऊन नाई सांगतलं, बाई?"

आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. तोवर ते दोन दात बोटानं हलत होते.

त्या दिवसापासून मामांनी बिडीला हात लावला नाही. दात मात्र राहिले नाहीत. मीच काढले. बसवलेल्या दातांवर सूर धरत नाही म्हणाले. बाकीच्या दातांपाशी हिरडीची खोली मी अजूनही दर तीन महिन्यांनी मोजते, श्वास रोखून. आणि बिडी सोडायला निघालेल्या प्रत्येकाला रक्ताचं आधी सांगते, दोनदा सांगते, तरी रस्त्यापर्यंत मागे जाऊन पुन्हा सांगावंसं वाटतं.

यंदा एक वरात दवाखान्यावरून गेली. क्लॅरिनेट दुसराच कुणी वाजवत होता. मामा गणवेश घालून, ओठ मिटून पुढे चालत होते, हातात ताल धरायचा खुळखुळा. त्याच्या दांड्यावर त्यांची बोटं गाण्याबरोबर एकेक उठत होती, टेकत होती.