घरात विष निघू दे

आमच्या घराची आम्ही एकच परीक्षा घेतली होती, होकायंत्राची. म्हणजे नवऱ्याने घेतली. बँकेने कुणाकडून तरी ताब्यात घेऊन विकायला काढलेलं ते घर बघायला गेलो, तेव्हा हा हॉलच्या मधोमध होकायंत्र धरून उभा राहिला आणि पुण्याला फोन लावून वडिलांना सांगायला लागला, "दार पूर्वेला आहे बाबा. किचन आग्नेयेला. ईशान्य कोपरा एकदम मोकळा." पलीकडून "मग बघतोस काय, घेऊन टाक!" असं मलाही ऐकू आलं. एजंट बाई त्या होकायंत्राकडे बघतच राहिली. तिला वाटलं असेल, हा माणूस घरातल्या घरात वाट चुकला की काय!

इथे अमेरिकेत बेलव्ह्यूसारख्या महाग गावात घर घेणं आम्हाला झेपणारं नव्हतं. हे दक्षिणेला तासाभराच्या ड्राइव्हवर होतं, पण भिंतींना ताजा रंग, मागे यार्ड, बाळाला वेगळी खोली. मी म्हटलं, "यार, एवढं स्वस्त का देतायत?" नवरा म्हणाला, "तुला ना, सोन्यातही खोट दिसते." मी नागपूरची, तोंडाने फटकळ, एरवी सोडलं नसतं. पण मलाही ते घर मनापासून आवडलं होतं.

मग सासूबाई आल्या, सहा महिन्यांसाठी, नातवाला खेळवायला. त्यांना मी आईच म्हणते. त्या आल्या आणि आमचं घर जमिनीवर आलं. सोफा नुसता शोभेला. जेवायला खाली बसायचं, भाज्या खाली निवडायच्या, बाळाला कार्पेटवर पाय पसरून मांडीवर घ्यायचं आणि तेल लावायचं. बाळ नुकतं रांगायला लागलं होतं. दिवसभर त्या कार्पेटवर रांगत असायचं, आणि हाताला लागेल ते तोंडात. आई कौतुकाने म्हणायच्या, "लबाडाने सगळ्या घराची चव घेतली!"

थोड्याच दिवसांत बाळ खोकायला लागलं. डोळे लाल. झोप नाही म्हणजे अजिबात नाही. दिवसभर चुळबुळ, किरकिर, छातीत धडधड अशी की हात ठेवला तर जाणवायची. डॉक्टर आधी म्हणाली अ‍ॅलर्जी, मग म्हणाली दात येतायत. मी म्हटलं, बाई गं, दात येतायत की हत्तीचे सुळे? शेवटी तिने विचारलं, घरगुती औषध काही देता का? आईंना तेवढं इंग्रजी कळायचं. त्यांनी मोठ्या अभिमानाने पर्समधून गुटीचा डबा काढला: वेखंड, जायफळ, मुरडशेंग, हळकुंड, सगळं नागपूरहून मी मागवलेलं आणि पुण्यात त्यांनी स्वतः निवडलेलं. सहाणेवर रोज वेढे देऊन त्या बाळाला चाटवायच्या. डॉक्टरने डब्याकडे बघितलं आणि तिचा चेहराच बदलला. तिने रक्त आणि लघवी तपासायला पाठवली.

दोन दिवसांनी बोलावणं आलं, दोघांनीही या. खोलीत डॉक्टरबरोबर आणखी एक बाई बसली होती, गळ्यात ओळखपत्र. डॉक्टर म्हणाली, "तुमच्या मुलाच्या लघवीत मेथॅम्फेटामिन सापडलंय."

मी विचारलं, "म्हणजे कुठलं व्हिटॅमिन कमी आहे?"

नवरा पांढराफटक पडला. तो मराठीत हळूच म्हणाला, "अगं, मेथ. ड्रग. लोक घरात बनवतात ते." मला आधी हसूच आलं. आमच्या घरात बिअरची बाटली आणली तर आई फ्रीज धुऊन काढतील, आणि ड्रग? माझ्या रांगत्या पोराच्या पोटात? मग त्या ओळखपत्रवाल्या बाईने वही उघडून विचारलं, "घरात कोण कोण असतं?" आणि माझं हसू पळालं. ती मुलांच्या संरक्षणाचं काम बघणारी सरकारी बाई होती.

आम्हा तिघांच्याही टेस्ट झाल्या. तिघंही स्वच्छ. मला वाटलं, सुटलो. कसलं सुटलो! मोठी माणसं स्वच्छ आणि पोराच्याच अंगात विष, म्हणजे पोराला कुणीतरी वेगळं काही देतंय, असा त्याचा अर्थ निघाला. आणि वेगळं देणारं घरात एकच माणूस होतं. गुटीचा डबा त्यांनी पिशवीत सीलबंद करून नेला. आई म्हणाल्या, "अगं, माझी दोन्ही पोरं याच गुटीवर वाढली. सांग ना त्यांना." मी सांगितलं. ओरडून सांगितलं. त्या बाईने शांतपणे मान हलवली आणि म्हणाली, उलगडा होईपर्यंत बाळ या घरात राहणार नाही.

मराठी मंडळातल्या एक काकू बेलव्ह्यूत राहायच्या. त्यांचं घर सरकारी बाईने बघितलं आणि बाळ त्यांच्याकडे द्यायचं ठरलं, म्हणजे तेवढंच नशीब. मी त्याला भेटायचं तर बाईसमोर. अंगावर पाजायचं नाही. आणि आजीने तर भेटायचंच नाही. काकूंच्या दारात बाळ माझ्या कडेवरून काढून घेतलं, तेव्हा मी कुणाला काय बोलले ते मला आठवत नाही. नवरा सांगतो, मी त्या बाईला मराठीत अस्सल शिव्या दिल्या. दिल्या असतील. तिला कळल्या नाहीत, हेच माझं भाग्य.

दुसऱ्या दिवशी तीच बाई आमचं घर बघायला आली. मी दातओठ खात तिच्या मागे फिरत होते. बाथरूममध्ये ती छताकडे बघत थांबली. तिथे रंगातून पिवळट तपकिरी डाग पाझरून वर आले होते. नवरा म्हणाला, "दोनदा रंग दिला. परत येतात, वाफेमुळे." तिने विचारलं, "तुमच्या आधी इथे कोण राहायचं?"

आम्ही एकमेकांकडे बघितलं. घर बँकेने विकलं होतं. आधी कोण राहायचं ते आम्हाला माहीत नव्हतं. दार कुठल्या दिशेला ते माहीत होतं.

ती मला घेऊन समोरच्या म्हाताऱ्या शेजारणीकडे गेली. आम्ही राहायला आलो तेव्हा हिने भोपळ्याचा केक आणून दिला होता, इतकी गोड बाई. तिने सगळं सांगितलं, अगदी सहज. आधीचे भाडेकरू खिडक्यांना आतून फॉइल लावायचे. घराभोवती मांजराच्या मुतासारखा वास. गाड्या यायच्या-जायच्या. मग एक दिवस ती माणसं रातोरात पसार झाली. "सगळ्यांना ठाऊक होतं ते आत काय शिजवतात," ती म्हणाली. "मला वाटलं, बँकेने तुम्हाला सांगितलं असेल. रंगारी आले होते ना!"

रंगारी आले होते! अगं बये, विषावर रंग मारून गेले, आणि तू मला केक देतेस? मी तिथेच पायरीवर बसले.

सरकारी बाई परतताना म्हणाली, "घर तपासून घ्या. घरात सापडलं, तर मुलाच्या अंगात कुठून आलं हे स्पष्ट होईल." मी विचारलं, "आणि नाही सापडलं तर?" तिने गाडीचं दार उघडलं.

तपासणारा माणूस पांढरा सूट, हातमोजे, तोंडावर मास्क लावून आला. काल आम्ही ज्या हॉलमध्ये वरणभात जेवलो तिथे हा मास्क लावून उभा! प्रत्येक खोलीत तो भिंतीवर एक छोटा चौकोन धरायचा, ओल्या गॉजने तेवढीच जागा पुसायचा, गॉज नळीत घालायचा. कार्पेटचाही तुकडा कापून नेला. जाताना म्हणाला, रिपोर्ट येईपर्यंत इथे राहू नका, घरातलं कापड काही नेऊ नका, अंगावरचेही कपडे बदला. आम्ही दुकानातून मिळेल ते घेतलं. जन्मात साडीशिवाय काही न नेसलेल्या माझ्या सासूबाई राखाडी स्वेटपँट आणि स्वेटशर्ट घालून मोटेलमध्ये आल्या. एरवी आम्ही हसून हसून लोळलो असतो.

आईंनी घरातून एकच गोष्ट आणली होती, देव. तपासणारा म्हणाला होता, धातू धुतला तर चालेल. मोटेलच्या खोलीत बर्फासाठी प्लास्टिकची बादली असते. ती त्यांनी घासून घेतली, नळाचं पाणी भरलं, आणि गणपती, अन्नपूर्णा, बाळकृष्ण, तिघांनाही त्यात बुडवलं. मागितलेलं मिळेपर्यंत देव पाण्यात ठेवतात, हे मी फक्त ऐकलं होतं. हात जोडून त्या मोठ्याने म्हणाल्या, "देवा, आमच्या घरात विष निघू दे. भरपूर निघू दे. कानाकोपऱ्यात निघू दे."

नवरा ओरडला, "आई! अगं काय मागतेस? घर जाईल आपलं!"

"जाऊ दे. पोर आलं पाहिजे," त्या म्हणाल्या आणि परत डोळे मिटले.

मी त्यांच्या शेजारी जाऊन बसले आणि तेच मागितलं. आपल्या घराला शाप देताना माझी जीभ एकदाही अडखळली नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी देणारे लोक मी गोष्टीत ऐकले होते. इथे संन्यासी माझ्या शेजारी स्वेटपँट घालून बसली होती आणि तिला स्वतःच्या नातवाचं तोंड बघायला बंदी होती. ते दिवस आम्ही चिप्स आणि मोटेलच्या कॉफीवर काढले. माझं दूध मी बेसिनमध्ये काढून टाकायचे आणि नळ सोडून रडायचे.

फोन सकाळी आला. नवऱ्याने स्पीकर लावला. तपासणारा म्हणाला, "आय अ‍ॅम सॉरी. सगळ्या खोल्यांमध्ये सापडलंय. मुलाच्या खोलीतलं कार्पेट सगळ्यात वाईट आहे."

"थँक्यू!" मी किंचाळले. "थँक्यू, थँक्यू!" पलीकडे तो बिचारा परत पहिल्यापासून सांगायला लागला.

"निघालं का गं?" आईंनी विचारलं.

"निघालं, आई. सगळीकडे निघालं."

"पावला गं बाई, पावला!" त्यांनी घाईघाईने देव पाण्यातून काढले, टॉवेलने पुसले, एकेकाला कपाळाला लावलं. मग त्यांचे हात थांबले. "कुठे जास्त म्हणाला तो?"

मला खोटं बोलता आलं असतं. सुचलं नाही. "बाळाच्या खोलीत. कार्पेटमध्ये."

त्या पलंगाच्या कडेला बसल्या. "तिथेच तर मी त्याला रोज लोळवत होते," त्या म्हणाल्या. मी म्हटलं, आपल्याला काय माहीत होतं? त्यांनी ऐकलं की नाही कोण जाणे.

दुपारी आम्ही काकूंच्या घरी गेलो. सरकारी बाई आधीच येऊन बसली होती. गुटीच्या डब्यात काही सापडलं नाही, ती म्हणाली, आणि बाळ आता तुमचं तुम्ही न्या. न्यायचं कुठे, हा प्रश्न होताच. घराला आता सील लागणार होतं. पण तेव्हा कुणाला पडली होती! मी बाळाला घेतलं. त्याने माझे केस दोन्ही मुठींत धरले आणि असं भोकाड पसरलं की काकूही रडायला लागल्या.

आई दारातच, चपलांच्या रॅकपाशी उभ्या होत्या. बाळाने त्यांना बघितलं, रडं थांबवलं आणि हात पसरले. त्या पुढे आल्या, पण हात पाठीमागे बांधलेले. माझ्याकडे न बघता त्यांनी त्या बाईला विचारलं, "मॅडम, आय टेक?"

बाईला कळेना. तिने मला विचारलं, "त्यांना काय न्यायचंय?"

"बाळाला उचलून घेऊ का, असं विचारतायत," मी म्हटलं.

ती बाई चटकन उठून उभी राहिली. "यस," ती म्हणाली, "प्लीज, यस."

आईंचा हात पदराकडे गेला, हात पुसायला. पदर नव्हता. मग त्यांनी तळवे त्या राखाडी स्वेटशर्टला पुसले, उलटे करून पुसले, परत पुसले. पुसून झाले तरी पुसतच राहिल्या. बाळाने माझ्या कडेवरून सरळ त्यांच्याकडे झेप टाकली, तेव्हा कुठे त्यांनी हात पुढे केले.