नरसाळ्यातला कोळी

दहा वर्षं बदनापूरच्या गायरानात कोळी मी पकडले आणि बाटलीतल्या चिठ्ठीवर ‘पकडणारा’ म्हणून नाव लागलं सरांचं. मी कॉलेजच्या प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत कामाला, सर तिथले प्राध्यापक. सर गवतात कधी वाकले नाहीत, पँटला कुसळं लागतात म्हणे. माझी साडी तर जणू गोणपाटाची! एकदा धीर करून विचारलं, तर हसले. “मावशी, तुमचं नाव टाकून काय करायचं? तुम्ही तर नुसत्या बाटल्या धरून राह्यल्या.” मी मनात डूख धरला.

लांडगा कोळी ओळखावा डोळ्यांवरून. खाली चार बारीक डोळे ओळीत, वर दोन टपोरे, त्यामागे आणखी दोन. मादी अंड्यांची पिशवी बुडाला चिकटवून फिरते. हे मी सरांच्याच भिंगातून शिकले. सर मात्र एवढंच घोकायचे की लांडगा कोळी जाळं विणत नाही, पळून शिकार करतो. बहुतेकांचं ते खरंही आहे. पण आमच्याकडची एक जात गवताच्या बुडाशी नरसाळ्यासारखं जाळं विणते, आणि ती लांडगाच. मला हे केव्हाचं माहीत होतं. सांगितलं नाही. का सांगू?

दिवाळीनंतर सरांनी केलेली कोळ्यांची यादी तपासायला बाहेरून एक मॅडम आल्या. सकाळच्या दवात जाळी चमकत होती. सर म्हणाले, “जाळं आहे, म्हणजे लांडगा नाही. चला पुढं.”

मी मोठ्यानं हसले. मुद्दामच.

मॅडम थांबल्या. मी काडीनं जाळं हलवलं, कोळी धावत बाहेर आला, बाटलीत घेतला. “मॅडम, पिशवी बघा बुडाला. अन् डोळे मोजा. हा बराबर लांडगाच हाय.”

मॅडमनी भिंग लावलं. “चार, दोन, दोन. सर, यांचं बरोबर आहे.”

सरांचं तोंड एवढंसं झालं. मला दया आली नाही. फार गोड वाटलं, खोटं कशाला बोलू?

“चिठ्ठी लिहा,” मॅडम म्हणाल्या. “पकडणाऱ्या म्हणून यांचं नाव.”

सरांनी कागदावर पेन्सिल टेकवली आणि तिथंच थांबले. मग हळूच विचारलं, “मावशी, तुमचं नाव काय?”

दहा वर्षं! मी त्यांना ताटकळत ठेवलं, मग पूर्ण नाव सांगितलं. त्यांनी आडनाव चुकीचं लिहिलं. मॅडमसमोर मी ते खोडून नीट लिहायला लावलं.