फ्राउकेबाईंचा मुका कॅल्क्युलेटर

नेदरलँड्सच्या फ्रीसलंडमधल्या आमच्या फ्राउकेबाई म्हणजे संशयाचं गाठोडं! नवरा वारल्यावर त्याचा खिशातला जुना कॅल्क्युलेटर तेवढा उरला होता. विणकामाचे टाके त्या त्याच्यावरच जुळवत. परवा नव्या बॅटऱ्या घातल्या आणि तो मुकाच झाला, पडद्यावर एक आकडा उमटेना. शेजारची हिल्टे चोरून वापरते, तिनेच बिघडवला, असं ठरवून बाईंनी तिच्याशी अबोला धरला.

शनिवारी गावच्या सभागृहात फुकट दुरुस्ती चालते. वस्तूच्या मालकाने शेजारी बसायचं, अशी तिथली रीत. फुकट म्हटल्यावर बाई जास्तच सावध झाल्या. दुरुस्ती करणाऱ्या शुर्डला खुर्ची चिकटवून बसल्या.

"आतलं काही बदलू नका हं! आधीच त्या हिल्टेने बिघडवलाय."

"बाई, आणखी जवळ आलात तर लग्न लावावं लागेल," म्हणत शुर्डने झाकण उघडलं. बॅटरी आणि पत्र्याच्या मध्ये कागदाचा कपटा! "हा कुणी घातला?"

"मीच, नव्या बॅटऱ्या घालताना. कुणी चोरून त्या काढल्या तर कपटा पडेल, मला कळेल."

"अहो, यानेच वीज अडलीय!"

कपटा निघाला आणि पडद्यावर शून्य उमटलं. बाईंनी गुपचूप डोळे पुसले.

"आता हिल्टेची माफी मागा," शुर्ड हसला.

"माफी? कपटा घालायची पाळी कुणी आणली माझ्यावर?"