धरणाकाठच्या खोलीसाठी आलेले फोन

असे अनुभव लिहिणारे बरेच जण शेवटी "कुणीतरी पाठीशी आहे" म्हणतात आणि हात जोडतात. मी जोडणार नाहीये, हे आधीच सांगते. माझा असल्या प्रकारांवर काडीचाही विश्वास नव्हता. माझ्या वडिलांचा तर माझ्याहूनही कमी... आणि जे झालं ते त्यांच्याच बाबतीत झालं. भीती मला तेव्हाही वाटली नाही. संताप आला, आणि तो अजून गेलेला नाही.

२००६ चा डिसेंबर. भाईंदर पूर्वेला इंद्रलोकमध्ये दुसऱ्या मजल्यावर मी आणि बाबा राहायचो. मी लग्न केलेलं नाही; मीरा रोडच्या एका शाळेच्या ऑफिसात नोकरी करायचे. धाकटा भाऊ महेश बायकोसोबत नवघरला, चालत पंधरा मिनिटांवर. बाबांना दोन वर्षांपूर्वी अर्धांगाचा झटका आला होता. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. तोंडातून फक्त "बा... बा" निघायचं. पाणी हवं असलं तरी बा, कुठे दुखलं तरी बा. डॉक्टर म्हणाले होते, त्यांना कळतं सगळं, पण शब्द आता बाहेर येणार नाहीत.

तरुणपणी बाबांनी शहापूरच्या पुढे एका धरणावर नोकरी केली होती. पाण्यात उभ्या केलेल्या पट्टीवरची पातळी बघायची आणि वहीत लिहायची. चहूकडे जंगल आणि मध्ये नजर पोचणार नाही एवढं पाणी — आम्ही दोघं भावंडं त्याच गोष्टी ऐकत मोठी झालो. शाळेतल्या एका बाईंकडून कळलं की आता तिथं काठावर कुणीतरी लाकडी खोल्या बांधल्यात, राहायला देतात. मी ठरवून टाकलं, नाताळच्या सुट्टीत बाबांना दोन दिवस न्यायचं.

महेशला ते पटलं नाही. तिथं जवळ दवाखाना नाही, रस्ता खराब, वाटेत काही झालं तर काय करणार, असं सगळं बोलून झालं. मग म्हणाला, "ताई, हे तू बाबांसाठी करतेयस की स्वतःसाठी?"

मला झोंबलं, कारण ते थोडं खरं होतं. दोन वर्षांत मी कुठेच गेले नव्हते. आणि हा दर रविवारी अर्धा तास येणार, बाबांच्या पायाशी बसून पेपर वाचणार आणि जाताना मला शिकवून जाणार...

मी खोली घेतलीच. तिथला केअरटेकर गंगाराम म्हणून पन्नाशीचा माणूस होता, त्याचा मोबाईल नंबर मिळाला होता. निघायच्या आठवडाभर आधी मी त्याला फोन केला, बाबांच्या अडचणी सांगायला. खाट उंच असेल तर चालणार नाही असं मी म्हणाले, तर तो म्हणाला, खाटेचे पाय कालच कापून घेतले. चाकांची खुर्ची आत जावी म्हणून उंबऱ्यावर फळीसुद्धा टाकली. मी विचारलं, हे तुम्हाला कुणी सांगितलं?

"बाबांनी," तो म्हणाला. "रोज दुपारी दोनला फोन असतो त्यांचा."

मी विचारलं कुठले बाबा, तर म्हणे तुमचे वडील, या धरणावर होते ते. फार छान बोलतात.

माझ्या डोक्यात एकच नाव आलं. खाटेचं, उंबऱ्याचं माझ्याशिवाय फक्त महेशला माहीत होतं. जायचं नाही म्हणणारा हा माणूस बाबांच्या नावानं, बाबांचा आवाज काढून मजा करतोय... मी तशीच घरच्या चपलेवर नवघरला गेले. तो जेवायला बसला होता, सासुरवाडीची माणसं आलेली. मी दारातूनच सुरू केलं. काय काय बोलले ते सगळं लिहीत नाही. बाप मुका झाला तर त्याची नक्कल करतोस, तुला लाज कशी वाटत नाही, इथपर्यंत बोलले. आणि आईच्या शेवटच्या आजारपणातही तू असाच पळाला होतास, हेही. ते खोटं होतं, मला माहीत होतं.

महेश ताटावरून उठला नाही. मी थांबल्यावर फक्त एवढंच म्हणाला, "बाबांचा आवाज कसा होता ते मला आता आठवतसुद्धा नाही, ताई. नक्कल कुठून करू?"

माझा विश्वास बसला नाही. घरी येऊन मी गंगारामला पुन्हा फोन लावला, म्हटलं ज्या नंबरवरून फोन येतो तो वाचून दाखवा. त्यानं वाचला. तो आमच्याच घरचा नंबर होता. लँडलाईनचा, हॉलमधल्या.

दुपारी घरात बाबा असायचे आणि त्यांना बघायला उत्तनहून येणाऱ्या फिलोमिनामावशी. मी त्यांच्यावरही तोंडसुख घेतलं. त्या चिडल्या नाहीत. "फोनला कोनी हातच न्हाय लावला," म्हणाल्या. "बाबा दोनला निजलेले असतात."

दुसऱ्या दिवशी मी अर्धी रजा टाकली. फिलोमिनामावशींना एक वाजताच घरी पाठवलं. बाबांचा पलंग आतल्या खोलीत होता. दार उघडं ठेवून मी अशी बसले की पलंग आणि हॉलमधला फोन दोन्ही समोर दिसतील. पावणेदोन ते सव्वादोन जागची हलले नाही. रिसीव्हर जागेवर होता. बाबा पाठीवर पडून पंख्याकडे बघत होते, ओठसुद्धा हलले नाहीत.

अडीचला मी गंगारामला विचारलं, आज आला का फोन? तो म्हणाला, आला की, नेहमीच्या वेळेला. पण आज लवकर ठेवला.

"म्हणाले, पोरगी समोर बसलीये. चिडलीये. पाण्यातली पट्टी दिसेल अशी खुर्ची ठेवा, बस, एवढंच."

मी आत गेले. बाबांना हलवलं, विचारलं, तुम्ही फोन करता का? बाबा म्हणाले, "बा."

संध्याकाळी महेशकडे गेले आणि सगळं सांगितलं. माफीही मागितली. तो म्हणाला, म्हणजे आता मी खोटा नाही, एवढंच ना? चहा दिला. तो आमच्याबरोबर आला नाही, आणि त्यानंतर माझ्याशी पूर्वीसारखं कधी बोललाही नाही.

ठरल्याप्रमाणे सुमो करून मी, बाबा आणि फिलोमिनामावशी गेलो. खोलीत खाट बुटकी केलेली, उंबऱ्यावर फळी, पाण्याकडे तोंड करून खुर्ची. गंगाराम हसत पुढे आला, बाबांचा हात हातात घेऊन म्हणाला, ओळखलंत का? बाबा म्हणाले, बा. त्यानं पुन्हा काहीतरी विचारलं, पुन्हा तेच. मग जरा दुखावून माझ्याकडे वळला, म्हणाला, फोनवर तर इतकं बोलायचे, माझं काही चुकलं का?

मी सांगितलं की दोन वर्षं त्यांना बोलता येत नाही. तो पायरीवर खाली बसला. मग सांगू लागला. त्याचा बाप तिथं पहारेकरी होता, तो बाबांच्या ओळखीचा निघाला. जंगलातल्या वाटा, एका वर्षीचा पूर, कोण कुठे राहायचं... सगळं फोनवर बोलून झालं होतं. बाबा हसायचेसुद्धा म्हणे.

मी विचारलं, माझ्याबद्दल काही बोलायचे?

त्यानं मनापासून आठवून बघितलं. "नाही ताई. पाण्याचंच बोलायचे. तुम्ही चिडलात म्हणून सांगितलं, तेवढंच."

दुसऱ्या दिवशी सकाळी फिलोमिनामावशींना मी फिरायला पाठवलं आणि बाबांच्या खुर्चीसमोर, पाण्याकडे पाठ करून उभी राहिले. दोन वर्षं मी भरवतेय, मी पुसतेय, रात्री चार वेळा उठतेय. आणि तुम्ही एका परक्या माणसाशी हसताय? बोला ना. माझ्याशी एक शब्द बोला. मी ओरडत होते, समोरच्या झाडांमधले पक्षी उडाले इतक्या जोरात.

बाबांनी माझ्याकडे बघितलं. मग मान हळूहळू डावीकडे कलती केली. मला कळायला वेळ लागला... मी मध्ये आले होते, त्यांना पट्टी दिसत नव्हती.

मी बाजूला झाले.

परत आल्यावर टेलिफोन ऑफिसात चौकशी केली. आमच्या नंबरवरून त्या वेळी एकही फोन गेल्याची नोंद नव्हती. गंगारामच्या मोबाईलमध्ये मात्र आमचा नंबर मी तिथं असताना स्वतः बघितला होता, ओळीनं सहा दिवस, दोन वाजता. डॉक्टरांनी ऐकून घेतलं आणि बाबांच्या गोळ्या बदलल्या. पुढच्या पावसाळ्यात बाबा गेले. शेवटपर्यंत तोच एक आवाज.

लोकांना सांगितलं की म्हणतात, केवढं भाग्य. मी विषय बदलते. हे कसं झालं ते मला माहीत नाही, कुणाला कळलं तर सांगा. मला कळलेलं एवढंच आहे, की माझ्या बाबांना कुठल्यातरी वाटेनं बोलता येत होतं, आणि मी समोर बसले होते.